बिळात शिरणाऱ्याला घरात आणताना

नांदेडहून लातूरच्या रस्त्याला लागलं आणि लोहा मागे टाकलं की माळेगाव येतं. मार्गशीर्ष वद्य चतुर्दशीला इथे खंडोबाची देवस्वारी निघते आणि यात्रा सुरू होते. घोड्यांचा, गाढवांचा, गायी-बैलांचा बाजार भरतो. त्याच यात्रेत अश्व, श्वान आणि कुक्कुट प्रदर्शनही असतं. खंडोबाच्या पायाशी कुत्रा असतोच, तेव्हा त्याच्या यात्रेत कुत्र्याला मान मिळावा हे रीतीला धरूनच आहे.

या बाजारात माणसं जनावर कसं पाहतात, ते पाहण्यासारखं असतं. देवणी असेल तर वानेरा की बाळंक्या की शेवेरा, आईचं दूध किती, चाल कशी, खूर कसे, मारकं आहे का, औताला कसं चालतं, हे सगळं विचारल्याशिवाय व्यवहार पुढे सरकत नाही. कंधार-लोह्याकडचा शेतकरी लाल कंधारी गोऱ्हा नुसत्या रंगावर घेत नाही. पण हाच माणूस शहरात नातवासाठी कुत्रं घ्यायला निघाला की मोबाइलवरचा फोटो बघतो आणि एकच प्रश्न विचारतो, ‘किती मोठं होतंय?’ लहानच राहणार असं उत्तर आलं की काम झालं. लहान, म्हणजे घरात मावणारं, म्हणजे गरीब, म्हणजे लेकरांना चालणारं, असा हिशेब मनातल्या मनात मांडला जातो. टेरियर नावाच्या कुत्र्यांच्या बाबतीत हा हिशेब हमखास चुकतो. बैल विकत घेताना विचारतो ते प्रश्न कुत्र्यालाही विचारावेत, एवढं सांगण्यासाठी हा लेख आहे. त्याच्या रक्तात कोणतं काम आहे, हा त्यातला पहिला प्रश्न.

आपल्या भागातल्या कुत्र्यांवरून सुरुवात केली तर हे सोपं जाईल. मराठवाड्यातले कारवानी आणि पश्मी हे नजरेवर शिकार करणारे कुत्रे. लांब पाय, खोल छाती, बारीक कंबर. उघड्या माळावर ससा दिसला की वाऱ्यासारखं सुटायचं, दोन-तीन मिनिटांत सगळा जोर लावायचा आणि उरलेला दिवस सावलीत पडून काढायचा, असा त्यांचा स्वभाव. टेरियर याच्या अगदी उलट्या कामासाठी घडला. ब्रिटनमध्ये कोल्ह्याच्या शिकारीत मोठे कुत्रे कोल्ह्याला पळवत नेत आणि कोल्हा बिळात शिरला की ते बाहेरच अडकत. तिथे हा लहान कुत्रा पुढे केला जाई. त्याने बिळात शिरायचं, अंधारात कोल्ह्यासमोर उभं राहायचं, भुंकत राहायचं आणि त्याला बाहेर पडायला भाग पाडायचं. शेतावर, गोठ्यात, गिरणीत उंदीर-घुशी मारण्याचं कामही त्याचंच.

हे काम नीट डोळ्यांपुढे आणलं की टेरियरचा सगळा स्वभाव उलगडतो. मोठ्या शिकारी कुत्र्याला मालकाचा हात दिसतो, शीळ ऐकू येते. जमिनीखाली गेलेल्या टेरियरला काहीच दिसत नाही. पुढे जायचं, थांबायचं की मागे सरायचं, हे त्याचं त्यानेच ठरवायचं असतं. त्यामुळे जो स्वतःच्या डोक्याने चालतो, असाच कुत्रा माणसांनी पिढ्यान्‌पिढ्या निवडला. आज तोच गुण घरात आला की आपण त्याला हट्टी म्हणतो. बिळातला कुत्रा नेमका कुठे आहे हे वरच्या माणसांना कळावं आणि त्यांनी तिथे खणावं, म्हणून त्याने सतत भुंकणं गरजेचं होतं. घरात त्याच भुंकण्यावर शेजारी तक्रार करतात. कुंडीतली माती उकरणं, गादीत खड्डा करणं, सोफ्याखाली नाक खुपसून तासभर बसणं हीसुद्धा त्याच कामाची शिल्लक. आणि स्वतःपेक्षा मोठ्या, दात विचकणाऱ्या जनावरासमोर मागे न हटणं ही तर त्याची मूळ पात्रता. हे दोष म्हणून मोडून काढायला जाणारा माणूस थकतो आणि कुत्रंही बिघडतं.

सगळ्यांत नावाजलेला लहान टेरियर म्हणजे जॅक रसेल. इंग्लंडच्या डेव्हन परगण्यातले पाद्री जॉन रसेल शिकारीचे मोठे शौकीन होते. ऑक्सफर्डला शिकत असताना १८१९ मध्ये त्यांनी एका दूधवाल्याकडून ‘ट्रम्प’ नावाची पांढरी, डोक्यावर तपकिरी ठिपके असलेली कुत्री घेतली आणि तिच्यापासून पुढची वेल वाढली, असं सांगतात. या जातीची छाती दोन हातांच्या पंजांत मावली पाहिजे असा जुना दंडक आहे, कारण त्याहून रुंद छाती बिळात अडकते. उंची २५ ते ३० सेंटिमीटर, वजन ५ ते ६ किलो. एवढ्याशा देहात जी ताकद असते ती पाहिल्याशिवाय पटत नाही.

यॉर्कशायर टेरियर त्याहून लहान, वजन साधारण ३ किलो. आज तो रेशमी केसांचा, डोक्यावर फीत बांधलेला दिसतो. पण एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला तो वाढला तो उत्तर इंग्लंडच्या कापडगिरण्यांच्या परिसरात. स्कॉटलंडहून कामाला आलेल्या विणकरांनी आपले छोटे टेरियर सोबत आणले आणि त्यांचं काम होतं उंदीर मारणं. उस्मानशाही मिलच्या आठवणी सांगणाऱ्या जुन्या नांदेडकरांना गिरणी कामगारांच्या वस्तीतले उंदीर काय असतात, हे वेगळं सांगायला नको. तिसरा वेस्ट हायलंड व्हाइट, पूर्ण पांढरा, देखणा आणि स्वभावाने तुलनेने हसरा. मात्र त्याची कातडी नाजूक, ॲलर्जीची खाज त्याच्या जातीतच जास्त. धूळ, गोचीड आणि उन्हाळा यांच्या मुलखात त्याला आणण्याआधी दहादा विचार करावा.

मराठी घरांना एक टेरियर मात्र पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे, फक्त तो टेरियर आहे हे ठाऊक नाही. एचएमव्हीच्या तबकडीवर कर्ण्यासमोर मान तिरकी करून बसलेला कुत्रा, तो निपर. इंग्लंडमधल्या ब्रिस्टल शहरी १८८४ मध्ये जन्मलेला आणि १८९५ मध्ये गेलेला हा टेरियर वळणाचा संकर. त्याचा मालक वारल्यावर मालकाच्या भावाने, चित्रकार फ्रान्सिस बॅरोने, त्याला सांभाळलं आणि निपर गेल्यावर त्याचं चित्र काढलं. ग्रामोफोन कंपनीने ते १८९९ मध्ये विकत घेतलं. बालगंधर्वांपासून लता मंगेशकरांपर्यंत कितीतरी आवाज त्या चित्राखाली आपल्या घरांत आले. इतक्या शांत दिसणाऱ्या या कुत्र्याचं नाव निपर पडलं ते पाहुण्यांच्या पोटऱ्यांना चावे घेण्याच्या सवयीवरून. घरात टेरियर आणू पाहणाऱ्याने ते चित्र पाहताना ही सवयही लक्षात ठेवावी.

बाजारात ‘टेरियर’ हे नाव फार सैल वापरलं जातं. केसाळ आणि लहान दिसलं की विकणारा टेरियर म्हणतो. तिबेटन टेरियर हा मुळात या कुळातला नाही. ल्हासा ॲप्सोलाही पूर्वी ल्हासा टेरियर म्हणत, पण तो मठांमधला राखणदार, त्याचा स्वभाव निराळा. आपल्याकडे घरोघरी दिसणारा ‘पामेरियन’ बहुतेक वेळा इंडियन स्पिट्झ असतो, आणि खरं सांगायचं तर नांदेड-लातूरच्या साध्या कुटुंबाला तो टेरियरपेक्षा अधिक झेपतो. दुसऱ्या टोकाला, टेरियर शब्द ऐकूनच घाबरणारेही आहेत. मार्च २०२४ मध्ये केंद्राच्या पशुसंवर्धन विभागाने पिटबुल टेरियर, अमेरिकन स्टॅफर्डशायर टेरियर यांच्यासह २३ जातींची आयात, पैदास आणि विक्री रोखण्याबद्दल राज्यांना पत्र पाठवलं. ते पत्र पुढच्याच महिन्यात कर्नाटक उच्च न्यायालयाने रद्द ठरवलं. पण बातमी घरोघर पोचली होती. पाच-सहा किलोच्या जॅक रसेलचा त्या यादीशी काही संबंध नव्हता. बैलांवर सोडण्यासाठी आणि पुढे कुत्र्यांच्या झुंजीसाठी घडवलेले जबर जबड्याचे टेरियर वेगळे आणि बिळात शिरणारे वेगळे.

मग हा कुत्रा कुणी घ्यावा? ज्या घरात रोज सकाळ-संध्याकाळ मिळून तासभर त्याच्यासोबत चालणारं, पळणारं, खेळणारं माणूस आहे, त्यांनी. भोवती कुंपण किंवा निदान बंद फाटक आहे, त्यांनी. शेतावर आखाडा आहे, तिथे दिवसभर माणसांची जा-ये आहे, त्यांना तो उत्तम. नवरा-बायको दोघं नोकरीला, लेकरं शिकवणीला आणि कुत्रं गॅलरीत बांधलेलं, अशा घराने टेरियर घेऊ नये. तो गॅलरीतून दिवसभर भुंकेल, दार कुरतडेल आणि शेवटी त्याला ‘शेतावर सोडून’ दिलं जाईल. सोडून दिलेल्या अशा पाळीव कुत्र्याचं गावकुत्र्यांच्या टोळीपुढे काय होतं, ते सांगवत नाही. घरात सशाची जोडी, पोपट किंवा कोंबड्या असतील तरी जपून. टेरियरला ती शिकारच दिसते आणि त्याला रागावून उपयोग नसतो.

लातूरकरांसाठी आणखी एक हिशेब आहे. ब्रिटनमध्ये हजारो कुत्र्यांच्या नोंदी तपासून २०२२ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात अभ्यासलेल्या जातींमध्ये जॅक रसेलचं सरासरी आयुर्मान सगळ्यांत जास्त, १२.७ वर्षं निघालं. चांगली निगा राखली तर पंधराही गाठतात. आता पाचवीतल्या मुलाच्या हट्टापायी पिल्लू घरी आलं असं धरा. ते पाच वर्षांचं होतं तेव्हा मुलाची दहावी, मग दोन वर्षं नीट किंवा जेईईचा रगाडा. लातूर पॅटर्नमध्ये त्या दोन वर्षांत घरातलं मूल असून नसल्यासारखंच असतं. त्यानंतर ते पुण्याला किंवा आणखी कुठे. कुत्र्याची उरलेली सहा-सात वर्षं आईवडिलांच्या, बहुतेकदा आजी-आजोबांच्या वाट्याला येतात. म्हणून हा निर्णय मुलाच्या हट्टावर सोडू नये. ज्या माणसाला सहाव्या, सातव्या, दहाव्या वर्षीही पहाटे दोर हातात धरायचा आहे, त्याचा होकार आधी घ्यावा.

आता प्रत्यक्ष निवड. आपल्याकडे टेरियर सहसा हैदराबाद किंवा पुण्याहून येतात. रात्रीच्या ट्रॅव्हल्सच्या डिकीत, खोक्यात, कुणी न पाहता. असं पिल्लू घेऊच नये. तिथे जावं आणि आधी आई पाहावी. आई अंगावर येते का, घाबरून कोपऱ्यात दबते का, की वास घेऊन शेपूट हलवते, यावरून पिल्लाच्या स्वभावाचा निम्मा अंदाज येतो. ‘आई गावाला आहे’ असं उत्तर आलं तर परत फिरावं. २०१७ च्या श्वान पैदास आणि विक्री नियमांनुसार पैदास करणाऱ्याची राज्याच्या प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी हवी आणि आठ आठवड्यांपेक्षा लहान पिल्लू विकता येत नाही. या आठ आठवड्यांना अर्थ आहे. चावा किती जोरात घेतला की समोरचा कळवळतो, हे पिल्लू आईकडून आणि भावंडांकडून याच काळात शिकतं. तिसाव्या-पस्तिसाव्या दिवशी तोडलेलं टेरियरचं पिल्लू हा धडा न शिकताच आपल्या घरी येतं आणि आपल्या लेकरांच्या बोटांवर तो शिकू लागतं.

पिल्लांमध्ये सगळ्यांत आधी अंगावर झेपावणारं पिल्लू माणसांना आवडतं. लहान मुलांच्या घराने मात्र मधलं घ्यावं. फार पुढे पुढे न करणारं, पण टाळी वाजवल्यावर दचकून परत कुतूहलाने जवळ येणारं. पाठीवर हळूच उताणं धरल्यावर थोडी धडपड करून शांत होणारं. डोळे स्वच्छ, नाकात-कानात घाण नाही, पोट नगाऱ्यासारखं फुगलेलं नाही, हिरड्या गुलाबी. चालताना मागचा एखादा पाय मध्येच उचलून लंगडी घालत दोन पावलं टाकणारं पिल्लू असेल तर थांबावं, कारण लहान जातींत गुडघ्याची वाटी सरकण्याचा दोष बराच आढळतो. शेपूट कापलेलं पिल्लू दाखवून ‘असंच असतं’ असं कुणी सांगितलं तर ते खरं नाही. केवळ रूपासाठी शेपूट कापण्याला भारतीय पशुवैद्यक परिषदेचा विरोध आहे. केनेल क्लब ऑफ इंडियाचे कागद मागावेत, पण कागदांनी वंश कळतो, तब्येत कळत नाही. ती पशुवैद्यकाला दाखवूनच कळेल.

लसींचं थोडक्यात. सहा ते आठ आठवड्यांपासून पार्व्हो, डिस्टेंपर वगैरेंची एकत्रित लस, मग तीन-चार आठवड्यांच्या अंतराने पुढचे डोस, तिसऱ्या महिन्यात रेबीजची, आणि नंतर डॉक्टर सांगतील त्या वेळापत्रकाने. जंताचं औषध तीन महिन्यांपर्यंत दर पंधरवड्याला. हे कार्डावर लिहून घ्यावं. लसी पूर्ण होईतो पिल्लाला रस्त्यावर सोडू नये, पण घरात कोंडूनही ठेवू नये. तीन ते चौदा आठवडे या वयात जे दिसेल, ऐकू येईल त्याची भीती पुढे वाटत नाही. उचलून घेऊन त्याला रिक्षा, ढोल, कुकरची शिट्टी, फेटेवाले आजोबा, शेजारची म्हैस, सगळं दाखवावं.

इथून पुढे नांदेड-लातूरचा खास मामला सुरू होतो, आणि इंग्लंडातली पुस्तकं इथे फारशी कामाला येत नाहीत.

पहिला उन्हाळा. गोदाकाठच्या नांदेडला मे महिन्यात पारा ४२-४३ अंशांच्या पुढे जातो. लातूर बालाघाटच्या पठारावर असल्याने थोडं सुसह्य. कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही. जीभ बाहेर काढून धापणं, म्हणजे तोंडातला ओलावा वाफेने उडवणं, हाच त्याचा मुख्य उपाय. हवा दमट असेल तर वाफ उडत नाही आणि धाप लागूनही अंग थंड होत नाही. म्हणून खिडक्या-दारं लावून कूलर सोडलेल्या खोलीत कुत्र्याला ठेवू नये. कूलर लावा, पण हवा बाहेर जायला वाट ठेवा. जुन्या माळवदाच्या घरात किंवा शहाबादी फरशीवर तो स्वतःच गारवा शोधून पसरतो, तिथून उठवू नये. पत्र्याच्या शेडमध्ये दुपारी कधीच नको. फिरणं सकाळी सातच्या आत आणि सूर्य मावळून रस्ता निवल्यावर. हाताची पाठ डांबरावर पाच-सात सेकंद टेकवता आली नाही तर त्याचे पंजेही तिथे टिकणार नाहीत. टेरियरची अडचण अशी की तो थकलोय हे सांगत नाही. चेंडू टाकत राहिलात तर कोसळेपर्यंत धावेल. खेळ कधी थांबवायचा हे आपणच ठरवायचं.

कुत्र्याचं नेहमीचं तापमान ३८ ते ३९ अंश सेल्सिअस असतं. ४१ च्या वर गेलं की जिवावरचं संकट. जीभ गडद लाल, तोंडाला चिकट लाळ, पाय लटपटणं या खुणा दिसल्या की नळाचं साधं पाणी अंगभर ओतत राहावं, पंखा लावावा आणि दवाखाना गाठावा. ओला टॉवेल गुंडाळून ठेवू नये, आतली उष्णता आतच कोंडते. उन्हाळा आला म्हणून कातडीपर्यंत भादरूही नये. टेरियरची राठ केसांची पाखर ऊनही अडवते. यॉर्कशायरचे लांब केस मात्र आखूड कापलेले बरे.

पाण्याचं म्हणाल तर एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलेल्या लातूरला कुणी काटकसर शिकवू नये. कुत्र्याला दर रविवारी आंघोळ लागतच नाही. महिन्या-दीड महिन्यातून एकदा, कुत्र्यांच्या शाम्पूने, पुरे. रोज पाच मिनिटं ब्रश केला की धूळ निघते, कातडीचं तेल पसरतं आणि गोचीड हाताला लागतात. वाचलेलं पाणी प्यायला ठेवा. सहा किलोच्या कुत्र्याला एरवी दिवसाला ३०० ते ३५० मिलिलिटर लागतं आणि उन्हाळ्यात त्याच्या दुप्पट.

दुसरा धोका त्याच्या आवडीतूनच येतो. लातूरचा मोंढा सोयाबीन आणि तुरीचा. नांदेडचा नवा मोंढाही काही लहान नाही. धान्य तिथे उंदीर आणि उंदीर तिथे औषध. झिंक फॉस्फाइडची काळी पूड पिठात कालवून ठेवतात. पोटातल्या आम्लाशी तिचा संयोग झाला की फॉस्फिन हा विषारी वायू तयार होतो आणि त्यावर उतारा नाही. ते खाल्लेल्या कुत्र्याला उलटी होऊ लागली तर त्याला मोकळ्या हवेत न्यावं, कारण वास घेणाऱ्या माणसालाही त्रास होतो. ब्रोमाडायोलोनच्या वड्या वेगळ्या. त्या रक्त गोठू देत नाहीत. कुत्रं तीन-चार दिवस ठणठणीत दिसतं आणि मग नाकातून, हिरड्यांतून, लघवीतून रक्त येतं. यावर व्हिटॅमिन के-१ हे औषध आहे, पण ते काही आठवडे द्यावं लागतं. दोन्हींमध्ये उपचार वेगळे, म्हणून दवाखान्यात जाताना विषाचं पाकीट सोबत न्यावं. माझं स्पष्ट मत आहे की टेरियर असलेल्या घरात, दुकानात, आखाड्यावर विष ठेवूच नये. पिंजरे लावावेत. विष खाऊन मेलेला उंदीरसुद्धा टेरियरच आधी शोधतो.

उंदरांमुळेच लेप्टोस्पायरोसिसही येतो. पावसाळ्यात साचलेल्या पाण्यात उंदरांची लघवी मिसळते, त्यातून कुत्र्याला आणि कुत्र्याच्या लघवीतून माणसालाही. अचानक ताप, उलट्या, डोळे-हिरड्या पिवळ्या दिसणं ही लक्षणं. याची लस एकत्रित लसीत बहुधा असते, पण तिचा परिणाम फार काळ टिकत नाही. उंदीर मारणाऱ्या कुत्र्याला ती दरवर्षी न चुकता द्यावी.

बांधावरच्या बिळात नाक घालणाऱ्या कुत्र्याला साप चावतो तो तोंडावर किंवा पुढच्या पायावर. नाग असेल तर अंग लुळं पडतं, घोणस असेल तर सूज आणि रक्तस्राव. दोरी आवळणं, चिरा देणं, कोंबडी लावणं यात वेळ जातो. कुत्र्याला चालू न देता उचलून थेट दवाखान्यात न्यावं. माणसांना देतात तीच बहुगुणी सर्पविषप्रतिबंधक लस त्यालाही देतात. घोरपड आणि ससा यांच्यामागे मात्र त्याला कौतुकाने सोडू नये. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने त्यांना संरक्षण आहे, आणि शिकार कुत्र्याने केली तरी जबाब मालकालाच द्यावा लागतो.

गोचिडांबद्दल शेतकरी घरांना एक कळकळीची सूचना. गाय-बैलांवर मारायचं औषध अंदाजाने पाण्यात टाकून कुत्र्यावर ओतू नका. जनावरांचं आयव्हरमेक्टिनचं इंजेक्शन ‘थोडंसं’ म्हणून टोचू नका. चारशे किलोच्या बैलाच्या मात्रेतलं थोडंसं पाच किलोच्या कुत्र्याला जीवघेणं ठरतं. तपकिरी गोचीड एर्लिकिया आणि बबेसिया हे रक्ताचे आजार पसरवते. कुत्रं मलूल, ताप येतो-जातो, हिरड्या फिक्या, कधी नाकातून रक्त. रक्ताची तपासणी वेळेत झाली तर यातलं बरंचसं बरं होतं. ही गोचीड कुत्र्याच्या अंगावरून उतरून भिंतीच्या भेगांत, खाटेच्या सांध्यांत हजारोंनी अंडी घालते. म्हणून औषध कुत्र्याला आणि भेगा बुजवणं घराला, दोन्ही एकाच वेळी हवं. आजारपणात घरातली पॅरासिटामॉल किंवा आयबुप्रोफेन देणं हाही आपल्याकडचा नेहमीचा घातक उपाय. जिल्ह्याच्या ठिकाणी पशुवैद्यकीय सर्वचिकित्सालय असतं आणि लातूर जिल्ह्यातच उदगीरला पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. गंभीर प्रकरण असेल तर तिथे जायला संकोच करू नये.

खाण्याचं गणित सरळ आहे. सहा किलोच्या प्रौढ टेरियरला दिवसाला सुमारे ४०० ते ४५० कॅलरी लागतात. ज्वारीच्या मध्यम भाकरीत दोनशेच्या आसपास असतात. म्हणजे सकाळी एक आणि रात्री एक भाकरी दुधात कुस्करून दिली की दिवस संपला, आणि त्याला हवी ती प्रथिनं फारशी गेलीच नाहीत. भाकरी द्या, पण अर्धी, आणि सोबत उकडलेलं अंडं किंवा चिकन, थोडं दही. रोज घरचंच द्यायचं असेल तर कॅल्शियमबद्दल डॉक्टरांना विचारावं. लसणाची फोडणी दिलेलं वरण, कांदा, द्राक्षं-मनुका, चॉकलेट वर्ज्य. औशाकडे द्राक्षबागा असणाऱ्यांनी खाली पडलेल्या मण्यांकडेही लक्ष ठेवावं, मूत्रपिंडं निकामी होतात. शिजवलेलं हाड फुटून आतड्यात रुततं, तेही नको. हाताने चाचपल्यावर फासळ्या लागल्या पाहिजेत, दिसता कामा नयेत. एवढ्याशा कुत्र्यावर अर्धा किलो चढणं म्हणजे गुडघ्यांवर मोठा भार.

शिकवताना मारू नये. टेरियर माराने नमत नाही, उलटा उभा राहतो. पाच-पाच मिनिटांचे धडे, चण्याएवढा चिकनचा तुकडा, आणि त्याच्या मूळ कामाला वाट. अंगणाच्या एका कोपऱ्यात वाळूचा खड्डा करून त्यात खेळणं पुरून ठेवा, गोणपाटात खाऊ गुंडाळून शोधायला लावा. वीस मिनिटं नाकाने केलेलं काम त्याला तासभराच्या धावण्याइतकं दमवतं. बाहेर कायम दोर, तोही गळ्याऐवजी छातीच्या पट्ट्याला, कारण लहान जातींची श्वासनलिका नाजूक. गल्लीतल्या चार-पाच कुत्र्यांच्या टोळीवर तो एकटा धावून जाईल आणि त्यांच्यातलं एक चावलं तरी पाच किलोच्या देहाला ते पुरेसं आहे.

पाच-सहा वर्षांखालच्या लेकराला त्याच्याजवळ एकटं सोडू नये, कुत्रं कितीही प्रेमळ असो. तो जेवताना, झोपेत असताना त्याला हात लावायचा नाही, हा नियम लेकरांनाच शिकवावा. दात लागलाच तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटं धुवावी आणि सरकारी दवाखान्यात जावं. घरचं कुत्रं, लस दिलेलं, म्हणून घरी थांबू नये. रेबीजची लक्षणं दिसू लागली की त्यातून माणूस जवळजवळ कधीच वाचत नाही.

दहाव्या वर्षानंतर दर सहा महिन्यांनी तपासणी करून घ्यावी. लहान जातींत दात सगळ्यांत आधी जातात. दातांवरची घाण हिरड्यांत उतरली की खाणं कमी होतं आणि आपण ते म्हातारपण समजतो. लहानपणापासून बोटाला कापड गुंडाळून किंवा कुत्र्यांच्या पेस्टने दात घासायची सवय लावली असेल तर ही वेळ बरीच पुढे ढकलता येते. डोळ्यांकडे विशेष लक्ष द्यावं. टेरियर जातींत डोळ्यातलं भिंग जागचं सुटण्याचा आनुवंशिक दोष आढळतो. डोळा अचानक लाल झाला, निळसर धूसर दिसू लागला, कुत्रं तो मिटून धरतंय असं वाटलं, तर दुसऱ्या दिवसाची वाट न पाहता त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्यावं. एका रात्रीच्या उशिरानेही नजर कायमची जाऊ शकते.